मृगातला तेजोमेघ

जानेवारीत जेवणं आटोपून बाहेर आलं की मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. चार पायांचे चार तारे आणि पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाणाच्या दक्षिणेला तीन फिकट ठिपके आहेत. त्यांतला मधला ठिपका म्हणजे एम ४२, सुमारे १,३४० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ. तिथे आजही तारे जन्माला येत आहेत.

तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो याचाच. ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर या डॉक्टरने ११ इंची दुर्बिणीतून तो काढला. फोटोच्या काचेवर ५१ मिनिटं प्रकाश पडू दिला. तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांच्या फोटोत दुर्बिणीतून डोळ्यालाही न दिसणारे तारे उमटले. डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही, काचेला येतो.

आजचे हौशी छायाचित्रकारही तेच करतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे नुसत्या ट्रायपॉडवर मोठी लेन्स लावली तर काही सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून ताऱ्यांच्या मागोमाग कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर लागतो आणि त्याचा अक्ष आधी ध्रुवाकडे नीट रोखावा लागतो. मग मिनिटामिनिटाच्या कितीतरी फ्रेम घेऊन त्या संगणकावर एकत्र करायच्या. गाभ्यातले चार तेजस्वी तारे मात्र मिनिटभरात पांढरेफटक होतात. त्यांच्यासाठी पाच-पाच सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम. मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरतं, तेव्हा तिच्याभोवती गरम पट्टी गुंडाळतात. तेजोमेघाची लाली हायड्रोजनची, पण साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर तिचा बराचसा भाग अडवतो. म्हणून काहीजण तो फिल्टरच काढून घेतात.

एवढं करूनही आकाश उजळ असेल तर मेहनत पाण्यात. शहरात दिव्यांचा उजेडच फ्रेम भरून टाकतो आणि तेजोमेघाच्या कडेचे तलम पदर त्यात बुडतात. महागडी लेन्स घेण्याआधी अंधारी जागा शोधावी, ती याचसाठी.

अशी एक जागा आपल्या महाराष्ट्रातच आहे. पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. त्यासाठी आसपासच्या गावांतल्या दिव्यांचं तोंड जमिनीकडे वळवण्यात आलं. रस्त्यावरचा उजेड रस्त्यावर राहिला आणि आकाश मोकळं झालं.

आपल्या सोसायटीत, आपल्या गावात हे सहज जमेल. पुढच्या बैठकीत दिव्यांचा विषय निघाला, तर त्यांना वरून झाकण लावायचं जरूर सुचवा.