पत्ता आपल्या नावावर हवा

'नेट बंद आहे' असे सांगणारे फोन सायलेंटवर टाकून इथे आलेल्या व्यवसायबंधूंनो, भगिनींनो,

सेनापती धनाजी जाधवांची समाधी असलेल्या वडगावात लहान इंटरनेट चालकांचा हा मेळावा भरवल्याबद्दल संयोजकांचे अभिनंदन. अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. खांबांचे भाडे, फायबरचे भाव, परवान्याची फी या विषयांवर वक्ते आहेत, ते बोलतील. मला एकच बोलायचे आहे आणि ते दर मेळाव्यात 'वेळेअभावी' राहत आले आहे.

वायर आपली, बॉक्स आपला, पावसात खांबावर चढणारा पोरगा आपला. इंटरनेटवर ओळख देणारा आयपी पत्ता मात्र वरच्या पुरवठादाराचा. आपण आपल्याच धंद्यात भाडेकरू आहोत.

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही4 चे पत्ते जगात सगळे मिळून 429 कोटी. सुरुवातीला ते खिरापतीसारखे वाटले गेले. एमआयटी या एकट्या अमेरिकन विद्यापीठाकडे 1 कोटी 67 लाख पत्ते होते; 2017 मध्ये त्यातले कितीतरी त्यांनी विकले. फोर्ड कंपनीलाही तेवढेच मिळाले होते, मोटारी बनवायला! आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले 15 ऑगस्ट 1995 रोजी, तेही मोठ्या शहरांत. 1998 मध्ये इथून जवळच, वारणेच्या पट्ट्यात 70 गावांत संगणक बसवायचा प्रकल्प निघाला, तेव्हा आपण उसाची बिले पडद्यावर बघून हरखलो होतो. त्याच वर्षी आपल्या विभागाला पत्ते वाटणारी एपनिक ही संस्था टोकियोहून ब्रिस्बेनला हलली. याची आपल्याला खबरही नव्हती.

3 फेब्रुवारी 2011 ला जागतिक साठ्यातले पत्त्यांचे शेवटचे पाच ठोकळे एपनिकसारख्या पाच विभागीय संस्थांना एकेक देऊन कोठार रिकामे झाले. 15 एप्रिलला एपनिकही आपल्या शेवटच्या ठोकळ्यावर आली, पाचांत सगळ्यांत आधी. कारण माणसे आणि मागणी आशियात, पत्ते मात्र आधीच अमेरिकेत. तेव्हापासून त्या ठोकळ्यातून सभासदाला जास्तीत जास्त 1,024 आणि 2019 पासून फक्त 512. कालव्याच्या मुखाशी ज्यांची शेते, त्यांचा ऊस तरारला. शेपटाकडे पाळी आली तेव्हा पाटात चिखल उरला होता.

कालच्या परिसंवादात एक मित्र म्हणाले, "नॅटवर भागतंय की. एका पत्त्यामागं पाचशे घरं बसवली तरी गिऱ्हाइकाला काय कळतंय?" गिऱ्हाइकाला कळत नसेल, पोलिसांना कळते. फसवणुकीच्या एका प्रकरणात मला नोटीस आली. त्यात पत्ता होता, तारीख होती, वेळ होती; त्या पत्त्यामागचे नेमके घर सांगणारा पोर्ट नंबर नव्हता. वरच्या पुरवठादाराने 'लॉग उपलब्ध नाही' एवढे एका ओळीत कळवून हात झटकले. त्या मिनिटाला त्या पत्त्यामागे जेवढी घरे होती, त्या सगळ्यांची यादी मी छापून दिली. हवालदारसाहेबांनी पाने उलटली आणि म्हणाले, "एकच नाव सांगा की. एवढ्यांना घेऊन मी कुठं जाऊ?" शेवटी यादीतल्या माणसांना ठाण्यात बोलावणे गेले. त्यांत एक निवृत्त गुरुजी होते. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

दुसरा पक्ष म्हणतो, अमाप पत्त्यांचे आयपीव्ही6 आले, आता भांडण मिटले. मोबाइल कंपन्यांनी ते केव्हाच अंगीकारले, आपणही घेतलेच पाहिजे. पण कोणाच्या नावावर? वरच्याने दिलेला ठोकळा वरच्याबरोबरच जातो. त्याच्या दरवाढीला कंटाळून मी पुरवठादार बदलला, तेव्हा सगळे पत्ते रातोरात बदलले. एका पतसंस्थेच्या शाखा मुख्य कचेरीच्या यंत्रणेत जुन्याच पत्त्यांनी नोंदलेल्या. सकाळी दारात ठेवीदारांची रांग, आत कॅशियर पडद्याकडे बघत बसलेला, आणि व्यवस्थापक फोनवर मला जे बोलले ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. पत्ते माझ्या नावावर असते तर कोणाला पत्ताही लागला नसता.

'हे वाटप सरकारने का करू नये?' असे काहीजण विचारतात. नोंदणी आपल्या देशात होतेच. निक्सी या भारतीय संस्थेचा इरिन विभाग 2012 पासून ते काम करतो. पण नियम ठरतात एपनिकच्या सभांत. तिथल्या निवडणुकीत ज्याच्याकडे पत्ते जास्त, त्याला मते जास्त: सर्वांत लहानाला एक, सर्वांत मोठ्याला 64. आम्ही एक सभासद, एक मत या सहकाराच्या मुलखातली माणसे. आम्हाला हे खटकायला हवे होते. पण खटकायला आधी सभासद व्हावे लागते! आणि सभासद झोपले की काय होते ते आफ्रिकेच्या विभागीय संस्थेत दिसले. मॉरिशसच्या कोर्टात दावे चालले, काही वर्षे संचालक मंडळच नव्हते.

तेव्हा माझे म्हणणे असे, की या भागातल्या लहान चालकांनी मिळून एक संस्था काढावी, तिच्या नावावर स्वतंत्र जाळे म्हणून ओळख देणारा एएस क्रमांक आणि आयपीव्ही6 चा ठोकळा घ्यावा. फी कशी वाटायची, राउटर कोणाच्या खोलीत ठेवायचा, याचे टिपण मी केलेले नाही. ते बसून करू. मात्र तोवर थांबायला नको; एपनिकच्या धोरणसभेत ऑनलाइन बसायला सभासदत्व लागत नाही. इंग्रजी मोडके असले तरी चालते, तिथे बऱ्याच जणांचे तसेच असते. ज्या पोरापोरींना बसायचे आहे त्यांनी जेवणाआधी सचिवांकडे नाव द्यावे. आणि 'नंतर कळवतो' म्हणणाऱ्यांनी पुढच्या वर्षी माझ्याकडे पत्त्यांची तक्रार घेऊन येऊ नये.