बालकाच्या शिकण्याची नोंद



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचे आयुष्य वर्गात गेले. म्हणून वर्गातल्या रोजच्या कामाचाच विषय मी निवडला आहे. तीन ते सहा वर्षांचे मूल काय शिकते, हे शिक्षिकेने कसे टिपून ठेवावे, हा तो विषय होय.

एवढ्या लहान मुलांची परीक्षा घेऊ नये, हे आता मान्य झाले आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही या वयात निरीक्षण आणि मुलांच्या कामाचे नमुने यांवर भर दिला. परंतु परीक्षा गेली, तरी शेरा गेलेला नाही. बालवर्गांच्या वह्या चाळताना मला दिसते ते असे : ‘लक्ष देत नाही’, ‘हुशार आहे’, ‘भाषा कच्ची’. यातून शिक्षिकेचे मत कळते. मुलाने काय केले आणि काय म्हटले, ते मात्र कळत नाही. शिवाय हा शेरा मुलाच्या आधी पहिलीच्या वर्गात जाऊन पोहोचतो. नव्या बाई मुलाला पाहण्यापूर्वी तो वाचतात.

मग नोंद कशी असावी? सुसान आयझॅक्स या विदुषींनी १९२४ ते १९२७ या काळात केंब्रिजच्या माल्टिंग हाउस शाळेत काम केले. जुलै १९२५ मधील त्यांची एक नोंद सारांशाने सांगते. शाळेतला ससा रात्री मेला. त्याचे पोट हलत नाही, यावरून एका मुलाने ते ओळखले. दुसऱ्याने वडिलांचा हवाला दिला, की पाण्यात ठेवला तर तो पुन्हा जिवंत होईल. बाईंनी त्याला खोडून काढले नाही; ससा पाण्यात ठेवला. तो तरंगत गोल फिरू लागला, तेव्हा हलतो आहे म्हणजे जिवंत आहे, असे एकाला वाटले. बाईंनी पाण्यात एक काडी टाकली. तीही फिरू लागली, आणि काडी काही जिवंत नाही, हे मुलांनी मान्य केले. मग ससा पुरावा, असे मुलांनीच सुचविले.

या नोंदीत एकही विशेषण नाही. मुलांचे बोलणे, त्यांची कृती आणि बाईंची कृती, एवढेच आहे. तरीही मुले पुराव्यावरून विचार करतात, हे तिच्यातून स्पष्ट दिसते. अशाच नोंदींच्या बळावर आयझॅक्सबाईंनी १९३० च्या आपल्या ग्रंथात पियाजे यांच्या काही निष्कर्षांना आव्हान दिले.

आपल्या बडोद्याला ही दृष्टी परकी नाही. १९२० साली गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले आणि तेथे मराठी भाषिक ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सामील झाल्या. मूल हेच शिक्षकाच्या अभ्यासाचे केंद्र, ही शिकवण दोन्ही भाषांना त्यांच्याकडून मिळाली.

भाषेबाबत तर नोंदीचे महत्त्व आपल्याकडे अधिकच आहे. येथले मराठी मूल वर्गात सहज म्हणते, ‘बाई, पाणी ढोळलं!’ यावर ‘भाषा कच्ची’ असा शेरा मारणे सोपे आहे. परंतु त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले, तर निराळेच काही ध्यानात येते. गुजराती क्रियापद घेऊन त्याने त्याला मराठी प्रत्यय अचूक लावला आहे. दोन भाषांचे व्याकरण ते एकाच वेळी चालवीत आहे. शिक्षिकेने हे वाक्य शुद्ध करून लिहिले, तर हा पुरावा कायमचा नाहीसा होतो, आणि घरची भाषा म्हणजे उणीव, असा समज तेवढा मागे उरतो.

चाळीस मुलांच्या वर्गात हे कसे साधावे, असे शिक्षिका विचारतात. त्यांची अडचण खरी आहे. माझी सूचना साधी आहे. रोज तीनच मुले पाहावीत आणि प्रत्येकाविषयी चार ओळी लिहाव्यात. सुमारे चौदा शाळेच्या दिवसांत सर्व वर्ग होतो. न बोलणारे, कोपऱ्यात बसणारे मूलही मग सुटत नाही. चित्राच्या मागे तारीख आणि मुलाने सांगितलेला अर्थ लिहावा. आठवड्याअखेर शिक्षिकांनी नोंदी एकत्र वाचून पुढच्या आठवड्यात काय मांडायचे ते ठरवावे. पालकसभेतही गुणांऐवजी याच चार ओळी वाचून दाखवाव्यात.

नोंदीला अलंकार नकोत, छायाचित्रांची आरासही नको. उद्या या मुलासमोर काय ठेवावे, हे तिने शिक्षिकेला सुचविले, म्हणजे तिचे काम झाले. या शाळेच्या बालवर्गात अशी एक वही येत्या सत्रापासून सुरू व्हावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.