रोजची पाच-सहा वचनं



११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत, फिलाडेल्फियाला एक पदवीदान समारंभ झाला. आनंदीबाई जोशी त्या दिवशी डॉक्टर झाल्या. हे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्या सभागृहात बसलेल्या एका पाहुणीकडे मात्र आपलं फारसं लक्ष जात नाही. पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन खास त्या समारंभासाठी इंग्लंडहून आल्या होत्या. १८८३ साली त्या विलायतेला गेल्या त्या स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणूनच. पण ऐकू कमी येऊ लागलं आणि वैद्यकीचा विचार सोडून द्यावा लागला. म्हणजे त्या दिवशी तिथे एकीला पदवी मिळत होती आणि तीच पदवी हुकलेली दुसरी समोर बसली होती.

मी आज या दुसरीबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी काहींनी मनात धरलेलं काहीतरी आत्ताच हुकलं असेल. हवी ती शाखा मिळाली नसेल, पहिली नोकरी हातातोंडाशी येऊन गेली असेल. पदवी समारंभात अशांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

लहानपणी रमाबाई शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या लक्ष्मीबाईंनी मुलीला. रमा आठ वर्षांची असल्यापासून पंधरा वर्षांची होईपर्यंत हा पाठ चालला. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरत होतं. दिवसभर घरकाम, आल्यागेल्याचं करणं, पुढच्या मुक्कामाची चाल. आईला मोकळा वेळ मिळे तो फक्त उजाडण्याआधी. मग ती झोपेने जडावलेल्या मुलीला लाडीगोडीने उठवून मांडीवर घेई आणि तोंडी पाठ देई. समोर पुस्तक नसे. आई म्हणे, मुलगी म्हणे. अशा पहाटांमधून हजारो श्लोक मुखोद्गत झाले. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आई-वडील गेले. रमा आणि तिचा भाऊ अनवाणी, अर्धपोटी हजारो मैल चालले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. किताब कलकत्त्याच्या सभेत मिळाले, पण त्यांची कमाई त्या आईच्या मांडीवरची होती.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पहाट बदलली नाही. शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची, मग दिवसाच्या कामाला लागायचं. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते आपल्या पुण्यात आणलं. इथे त्या आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे. ज्या मुलींना यावंसं वाटे त्या येऊन बसत. त्यावरून, मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून, १८९३ साली केवढं वादळ उठलं हे पुणेकरांना सांगायला नको. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असा शब्द दिलेला होता, त्यामुळे न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले ते उगाच नव्हे. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर त्यांची अडचण मला समजते. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी प्रार्थना थांबवली नाही आणि दारही लावलं नाही. स्वतःच्या घरात चोरून प्रार्थना करणं त्यांना मान्य नव्हतं. रोजची साधी गोष्टसुद्धा कधी कधी अशी किंमत मागते.

पुढे दुष्काळ आला. १८९६-९७ साली मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली आणि विधवा बाया गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावला विकत घेतलेल्या माळरानावर संसार मांडला. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांचा आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. विहिरी खणायच्या, दळण, स्वयंपाक, दवापाणी, शेती, हिशेब. आणि हे सगळं चालू असताना या बाईंनी ठरवलं, की संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणायचं. मराठीत भाषांतर होतं. पण त्यातले जड संस्कृत शब्द केडगावच्या जात्यावर बसणाऱ्या बाईला उमगत नव्हते. जिने अक्षर पहिल्यांदा मुक्तीत पाहिलं, तिला वाचता यावं आणि वाचलेलं कळावं, एवढ्यासाठी पन्नाशीकडे झुकलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या, संस्कृतात तरबेज असलेल्या पंडितेने आपलं संस्कृत बाजूला ठेवलं आणि हिब्रूचे धडे गिरवले.

आता थोडा हिशेब करू. बायबलात ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय आणि सुमारे ३१ हजार वचनं आहेत. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षं या कामात घातली. भागाकार केला तर दिवसाला पाच-सहा वचनं येतात. रोज नेमकी तेवढीच झाली असतील असं नाही. एखाद्या शब्दाशी आठवडा गेला असेल, दहा वेळा खोडलं असेल. पण कामाचा आवाका डोळ्यांत मावेना झाला की मी हा आकडा मनात आणते. पाच-सहा वचनं म्हणजे वहीचं जेमतेम एक पान.

आणि हे पान एकट्या रमाबाईंचं नव्हतं. छपाई मुक्तीतच व्हायची, बायकांच्या हातांनी. जुळारणीचं काम जरा डोळ्यांपुढे आणा. समोर लाकडी खाने. प्रत्येक अक्षराचा शिशाचा खिळा वेगळा. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं यांचे आणखी वेगळे. खिळ्यावरचं अक्षर उलटं दिसतं, ते तसंच वाचायची नजर कमवावी लागते. एकेक खिळा उचलून ओळ भरायची, ओळी जुळवून पान बांधायचं, कच्चा छाप काढायचा. मुद्रितात चूक निघाली की चिमट्याने तेवढा खिळा उपसून दुसरा बसवायचा. पान छापून झालं की शाई धुवायची आणि तेच खिळे परत ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायचे, उद्याच्या पानासाठी. दुष्काळात रस्त्याच्या कडेला मरायला टेकलेल्या मुली पुढे अशा कामाला बसल्या, हे मला त्या संपूर्ण ग्रंथाइतकंच मोठं वाटतं.

१९२१ साली मनोरमा गेली. आईचा उजवा हात आणि संस्थेचा पुढचा आधार गेला. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. शेवटची पानं हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून निघालं १९२४ साली. बांधलेला ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. मुलांनो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. रोजच्या सवयीने मोठं काम उभं राहतं हे खरं, पण ते पुरं झालेलं पाहायला आपण असूच, अशी हमी कुणीही देत नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१९ साली ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं ठेवून गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचं शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतंच, पण त्यांनी ते पुढे लिहायला घेतलं. आपण सुरू केलेल्या कामाचा दुसरा हात कोण असेल, हे आपल्याला ठाऊक नसतं.

मग यात विश्वासाचं काम काय? इथे सगळेच ख्रिस्ती नाहीत हे मी जाणते. तरी मला जे खरं वाटतं तेच सांगते. परीक्षेच्या आदल्या रात्रीची प्रार्थना न केलेल्या अभ्यासाची भरपाई करत नाही. देवाशी सौदा होत नाही. इस्राएल लोक रानात होते तेव्हा देवाने पुरवलेल्या अन्नाची, मान्नाची, गोष्ट तुमच्यातल्या अनेकांनी संडे स्कूलमध्ये ऐकली आहे. रोज सकाळी बाहेर पडायचं आणि त्या दिवसापुरतं वेचायचं. ज्यांनी उद्यासाठी साठवून ठेवलं, त्यांच्या भांड्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचायची मुभा, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घेता यावा. तिथे देवाने भूक एकदम भागवली नाही, रोज उठून बाहेर पडायला लावलं. आणि विसाव्याचा दिवसही नेमून दिला, हे विसरू नका. महिनाभर रात्रीचा दिवस करून मग आजारी पडणारी मुलं मी फार पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट आहे, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सवय लावणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला खाडा येतो. ताप येतो, घरी लग्न निघतं, मन उठतं. एक दिवस चुकतो. पुष्कळांची सवय त्या चुकलेल्या दिवसाने मोडत नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःला जे बोल लावले जातात त्यांनी मोडते. ‘माझ्याच्याने होणार नाही’ असं एकदा म्हटलं की वही कपाटात जाते. ख्रिस्ती माणूस ज्याला कृपा म्हणतो, ती मला इथे भेटते. कालचा दिवस क्षमेत गेला, आजची सकाळ पुन्हा हातात दिली आहे. देव हिशेब मागणारा आहे, पण तो हाकलून देणारा नाही. हे ज्याच्या मनात मुरलं तो खाड्याच्या दुसऱ्या दिवशी निमूट येऊन बसतो. निर्धाराच्या जोरावर माणूस चार महिने काढतो. वर्षानुवर्षं काढायची तर अशी क्षमा लागते.

तुमच्यातले काही उद्यापासून सदाशिव पेठेतल्या नाहीतर नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत खुर्ची धरतील, एमपीएससीसाठी. काही हिंजवडीच्या बसला लटकतील. काही गावी जाऊन बापाची शेती पाहतील. जिथे असाल तिथे एक वेळ ठरवा आणि त्या वेळेचं काम इतकं लहान ठेवा की वाईट दिवशीही ते जमेल. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. कुणीतरी एक जण असा जोडा, की जो आठवड्यातून एकदा विचारील, चाललंय ना? त्याने रागावू नये, नुसतं विचारावं. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हे काम म्हाताऱ्या बायका फार छान करतात. आणि ज्यांचा देवावर विश्वास आहे त्यांनी त्या वेळेची सुरुवात प्रार्थनेने करावी, दोन मिनिटांची का होईना.

एक शेवटची विनंती. केडगाव पुण्यापासून साठेक किलोमीटर, दौंडच्या मार्गावर. गाड्या भरपूर आहेत. मुक्तीचं काम अजूनही चालू आहे. पुण्यात तीन-तीन वर्षं शिकून तिथे एकदाही न गेलेले पुष्कळ विद्यार्थी मला भेटतात. नोकरीच्या धबडग्यात सापडण्याआधी एखाद्या शनिवारी जाऊन या, आणि आईला बरोबर न्या.

तुम्हा सर्वांचं, आणि तुमच्या फीसाठी ज्यांनी आपल्या गरजा मागे सारल्या त्या घरच्यांचं, मनापासून अभिनंदन. प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.