वाकडी बोटं आणि सोळा इंची चेंडू

(मंडळाच्या वार्षिक क्रीडादिनी, बक्षीस समारंभात केलेले भाषण)



मागच्या टेबलावर बटाटेवडे मांडून झालेत, तेव्हा फार वेळ घेत नाही. आज आपल्या मुलांनी क्रिकेट खेळलं, मोठ्यांनी रस्सीखेच केली. पण ज्या शिकागो परिसरात आपण घरं केली, त्याचा स्वतःचा असा एक खेळ आहे. सोळा इंची सॉफ्टबॉल! सोळा इंच म्हणजे चेंडूचा घेर. सोललेल्या नारळाएवढा हा चेंडू झेलायचा, तोही नुसत्या हातांनी. जुन्या खेळाडूशी हस्तांदोलन केलंत, तर त्याची वाकडी बोटं लगेच जाणवतात.

या खेळाचा जन्मही शिकागोचाच. 1887 सालचा थँक्सगिव्हिंग. फॅरागट बोट क्लबात तरुण मंडळी येल-हार्वर्ड फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत होती. येल जिंकलं. त्या आनंदात एकाने बॉक्सिंगचा हातमोजा दुसऱ्यावर फेकला आणि त्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या सभासदाने तोच मोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि खोलीतच सामना रंगला. निकाल 41-40! पण हॅनकॉक तेवढ्यावर थांबला नाही. त्याने बसून नियम लिहिले. नाहीतर ती एका संध्याकाळची गंमत ठरली असती.

पुढे 1895 मध्ये मिनिआपोलिसला लुईस रोबर या अग्निशमन दलातल्या माणसाने सहकाऱ्यांसाठी स्टेशनशेजारच्या रिकाम्या जागेत असाच खेळ मांडला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव सुचवलं डेन्व्हरच्या वॉल्टर हॅकन्सनने, 1926 मध्ये. आणि 1933 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लिओ फिशर हा वार्ताहर आणि मायकेल पॉली या दोघांनी राष्ट्रीय स्पर्धा भरवली. 55 संघ आले. महिलांची स्पर्धाही तिथेच झाली.

तो काळ महामंदीचा. हातमोजे घ्यायला पैसे कुठले? मोठा, मऊ होत जाणारा चेंडू लांब जात नाही, म्हणून शाळेचं आवार किंवा दोन इमारतींमधली जागा पुरायची. आपल्याकडे वाडीत अंडरआर्म क्रिकेट असंच जन्माला आलं ना? जागा लहान, म्हणून नियम वेगळे. ‘खिडकीत गेला की आऊट’ हा नियम काही लॉर्ड्सवरून आला नाही!

या खेळात मॅनेजर म्हणजे सूटबूटवाला साहेब नव्हे. पोरं गोळा करायची, मैदान मिळवायचं, गुत्तेवाल्याकडून नाहीतर दुकानदाराकडून शर्टांचे पैसे आणायचे, आणि रुसलेल्या पिचरची समजूत काढायची. एडी झोल्ना तर स्वतःच पिचर आणि स्वतःच मॅनेजर! आणि माइक रॉयको? पुलित्झर मिळवलेला पत्रकार. 1977 मध्ये पार्क डिस्ट्रिक्टने हातमोजे वापरायला परवानगी दिली, तर हा गडी थेट कोर्टात गेला आणि जिंकला. हौशी खेळासाठी दावा! हसू येतं, पण त्यामागचं प्रेम बघा.

आज फॉरेस्ट पार्कमध्ये या खेळाचं ‘हॉल ऑफ फेम’ आहे. खेळातून कधी श्रीमंत न झालेल्या माणसांची नावं तिथे जपली आहेत. कुणीतरी मुद्दाम बसून ती गोळा केली, म्हणून ती उरली.

आता आपलं बघू. या मंडळाच्या पहिल्या पिकनिकला बॅट कुणी आणली? पार्कचं परमिट कुणाच्या नावावर होतं? स्कोअर लिहिणाऱ्या काकू कोण? त्यांतली काही मंडळी आज पुढच्या रांगेत बसली आहेत. काहींची खुर्ची रिकामी झाली आहे. फोटो आपल्याकडे खोकीभर आहेत, पण मागे नाव लिहिलेले किती?

म्हणून कार्यकारिणीला आणि मुलांना माझी एकच विनंती. पुढच्या दिवाळी अंकाआधी एकेका ज्येष्ठांकडे जा, चहा घ्या आणि फोटोंमागे नावं लिहून आणा. चहा फुकट मिळेल, चिवडाही मिळेल. आणि काका-काकूंनो, ‘आम्ही काय विशेष केलं?’ असं म्हणून मुलांना परत पाठवू नका. हॅनकॉकने नियम लिहायचा कंटाळा केला असता, तर आज मला बोलायला विषयच नव्हता!

विजेत्यांचं अभिनंदन, हरलेल्यांचं जरा जास्तच.