अमृतराव घाटावर मी आडनाव सांगितलं नाही

(फुले-आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने एका अभ्यासिकेत विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘शिक्षण आणि आपण’. पण या विषयावर तुम्ही गेल्या आठवड्यात तीन भाषणं ऐकलीत असं कळलं. म्हणून मी आज एका सहलीबद्दल बोलणार आहे. त्या सहलीत मी एक चूक केली. ती आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आमच्या घरात फिरायला जाणारी मी पहिली. माझ्या आईने प्रवास खूप केलाय, पण तो ऊसतोडीला. सहा महिने कारखान्यावर, सहा महिने गावात. त्याशिवाय दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी. नुसतं बघायला म्हणून कुठे जायचं असतं, हे आमच्याकडे माझा पगार सुरू झाल्यावर आलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी ते तुमच्यापासून सुरू होणार आहे.

तर आईला सारनाथ बघायचं होतं. तिला घेऊन गेले. दोन दिवस सारनाथ झालं, तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आता बनारस बघू. आई म्हणाली, "तिथं आपलं काय काम?" मी म्हटलं, "आई, मी इतिहास शिकवते. मला घाट बघायचेत."

दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे पायऱ्यापायऱ्यांनी चालत निघालात की अहिल्याबाई घाट, मुन्शी घाट, दरभंगा घाट असं करत पांडे घाट मागे पडतो आणि नारद घाटाच्या जरा अलीकडे अमृतराव घाट लागतो. आज भिंतीवर राजा घाट असं नाव आहे. भरभक्कम दगडी बांधकाम, उंच बुरूज, रुंद पायऱ्या. नाववाला पर्यटकांना सांगत होता, "ये मराठा पेशवा ने बनवाया." मराठी मंडळींचा एक गट होता, त्यांची छाती फुगली. खरं सांगते, क्षणभर माझीही फुगली. मराठी माणसाने एवढ्या लांब येऊन काय बांधलंय! मग मला आठवलं की मी इतिहास शिकवते.

कोण होते हे अमृतराव? राघोबादादांचे दत्तक पुत्र, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक भाऊ. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ बाजीरावाचा आणि शिंद्यांचा पराभव केला. बाजीराव वसईला इंग्रजांकडे पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने तहावर सही केली. इकडे होळकरांनी अमृतरावांना पुढे करून कारभार चालवला, त्यांच्या मुलाला गादीवर बसवायचं ठरवलं. १८०३ मध्ये वेलस्लीची फौज पुण्यावर आली. अमृतराव बाजूला झाले, इंग्रजांशी समझोता केला. बदल्यात काय मिळालं? वर्षाला सात लाख रुपयांची तजवीज. ते घेऊन ते उत्तरेत गेले, बनारसला राहिले, आणि १८२४ मध्ये तिथेच, सिक्रोलला वारले. सिक्रोल म्हणजे बनारसची इंग्रजी छावणी.

म्हणजे नाववाला ज्याला पेशवा म्हणत होता, तो बनारसमध्ये कंपनी सरकारचा पेन्शनर होता. घाट जुनाच होता, अमृतरावांनी तो पक्क्या दगडात बांधून घेतला. आपण काशीला जुनं, सनातन शहर म्हणून बघायला जातो. पण आज नावेतून दिसणारं बरंचसं दगडी बनारस मराठे सरदारांच्या आणि इंग्रजांच्या काळातलं आहे. त्या काळी ज्यांच्या हातात महसूल होता, त्यांनी ते उभं केलं.

आता महसूल म्हणजे काय? कंपनीने सात लाख आपल्या खिशातून दिले नाहीत. ते रयतेकडून आले. शेतसारा कोणी भरला, बैल विकून कोणी भरला, हे जोतिरावांनी पुढे लिहून ठेवलंच. आणि या पैशाचा शेवट बघा. अमृतरावांचं कुटुंब पुढे चित्रकूटजवळ करवीला होतं. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजी फौजेने त्यांचा खजिना लुटला. त्या लुटीत कुठल्या पलटणीचा किती वाटा, यावर १८६६ मध्ये लंडनच्या कोर्टात खटला चालला. एक जनरल म्हणतो माझा हक्क, दुसरा म्हणतो माझा. पैसा मुळात कुणाचा, हा प्रश्न त्या कोर्टापुढे आलाच नाही.

दुसरी गोष्ट दानाची. कलकत्त्याचा बिशप हेबर १८२४ मध्ये बनारसला आला होता. त्याने अमृतरावांच्या दानाबद्दल लिहिलंय. वर्षातून एका ठरलेल्या दिवशी प्रत्येक ब्राह्मणाला आणि येईल त्या आंधळ्या-लंगड्याला एक शेर तांदूळ आणि एक रुपया. त्यासाठी शहराबाहेर मोठी बाग होती, तिला चार दरवाजे. मागणाऱ्यांच्या तीन वर्गांना तीन वेगळे दरवाजे, चौथा स्वतः अमृतरावांचा आणि नोकरांचा. ज्याला दान मिळालं त्याला दिवसभर बागेतच ठेवायचे, म्हणजे तो दुसऱ्यांदा रांगेत येणार नाही. हेबर त्यांना दयाळू माणूस म्हणतो, आणि असतीलही. पण दरवाजे मोजा. आंधळ्या-लंगड्याला दान मिळायला त्याचं शरीर अधू असावं लागत होतं. ब्राह्मणाला मिळायला तो फक्त जन्मलेला असणं पुरे होतं. आणि ज्याचे हातपाय धड होते, जो दिवसभर दगड वाहत होता, त्याच्यासाठी दरवाजा कुठला?

आज कुणी तुम्हाला म्हणालं ना, की तुम्हाला सगळं जन्मावर मिळतं, तर त्याला ही बाग सांगा.

आता माझ्या चुकीकडे येते.

आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. एक वयस्कर पुरोहित आले. आमचं बोलणं ऐकून त्यांनी मराठी ओळखलं. त्यांची मराठी जुन्या वळणाची, गोड. म्हणाले, "कुठल्या आपण?" मी जिल्हा सांगितला, जालना. गाव सांगितलं. "आडनाव?"

तुम्हाला माहिती आहे हा प्रश्न. खोली भाड्याने बघायला गेल्यावर येतो. नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी चहाच्या टेबलावर येतो. मी पीएचडी केलेली बाई. वर्गात जातीव्यवस्थेवर तासभर बोलते. आणि मी काय केलं? हसले. म्हटलं, "आम्ही बऱ्याच वर्षांपासून बाहेरच असतो." आडनाव गिळलं.

का गिळलं? तिथे मला कुणी मारणार नव्हतं, हाकलणारही नव्हतं. त्या पायऱ्यांवर बसलेलं, गोड मराठी ऐकलेलं, बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मोडेल एवढीच भीती होती. तेवढ्यासाठी मी आजोबांचं आडनाव टाकलं.

पुरोहितांनी गावावरून शोधतो म्हणाले आणि आम्हाला घरी नेलं. तिथे लांबट, कापडात बांधलेल्या वह्या. काशीचे पंडे पिढ्यानपिढ्या यजमानांची नोंद ठेवतात: कोण कधी आलं, मुलं कोण, बाप कोण, आजा कोण. त्यांनी आमचं गाव काढलं. गाव सापडलं! मी थरारले. इतिहासाच्या माणसाला कागद दिसला की काय होतं, तुम्ही समजू शकता. ते वाचायला लागले. आमच्या गावच्या पाटलांचं घराणं, कुलकर्ण्यांचं घराणं. पाटलांच्या घरातल्या एकाची शंभर वर्षांपूर्वीची काशीयात्रा.

आई इतका वेळ गप्प होती. ते नाव ऐकल्यावर म्हणाली, "थांबा. ह्यांच्या संगं आणखी कोणी होतं का, बघा."

पुरोहित म्हणाले, "बाई, सोबतची मंडळी लिहिली आहेत ना. पत्नी, भाऊ, पुतण्या."

आई म्हणाली, "माझा आजेसासरा होता. पाटलाचं ओझं डोक्यावर घेऊन जालन्याच्या स्टेशनापर्यंत गेला होता. दोन दिवस पायी. आमच्या घरात सांगायचे, पाटलाची काशी झाली, आमच्या म्हाताऱ्याचं जालना झालं. त्याचं नाव आहे का?"

पुरोहितांना काही कळेना. ते माझ्याकडे बघायला लागले. मग आईच म्हणाली, "आम्ही जयभीमवाले. आमचं नाव तुमच्या वहीत नसणार. मी आपलं विचारलं." आणि तिने आडनाव सांगितलं. ठणठणीत.

पुरोहित काही वाईट बोलले नाहीत. वही बांधून ठेवली, पाणी विचारलं. आई म्हणाली, "नको, आहे आमच्याजवळ." आम्ही उठलो.

जाताना आई माझ्याशी बोलली नाही. घाटावर एक बाई झाडत होती. आई तिच्याजवळ थांबली आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "रोज का कितना देते?" त्या बाईने सांगितलं. दोघी जणी पाच मिनिटं बोलल्या, त्यातलं अर्धं एकमेकींना कळलं नसेल. मग आई मला म्हणाली, "तुला लाज माझी वाटली, का आजोबाची?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं." ती म्हणाली, "चुकलं ते माझ्यापाशी नको. जिथं चुकलं तिथं सांग." मी परत त्या घरी गेले नाही, एवढं धाडस झालं नाही. म्हणून आज तुमच्यापाशी सांगतेय.

मित्रहो, त्या वहीवरून मला माझा जातवैधतेचा अर्ज आठवला. तुमच्यातल्या अनेकांनी ती धावपळ केलीय. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आणा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, तर प्रवेश निर्गम उतारा कुठून आणणार? मग तहसीलला जा, कोतवाल बुकाची नक्कल मिळते का बघा. जीर्ण पानावर मोडीत एक ओळ. कुणाचा मुलगा, कुठली जात, मेला की जन्मला. ज्यांच्या सात पिढ्या काशीत मखमलीत बांधून ठेवल्यात, त्यांच्याकडे जातीचा पुरावा कुणी मागत नाही. ज्याला गावाने जात कधीच विसरू दिली नाही, त्यानेच ती कागदावर सिद्ध करायची.

मला त्या कोतवाल बुकाची लाज वाटायची. आता वाटत नाही. आपल्या घराण्याचा तोच पहिला कागद आहे, आणि दुसरा कागद शाळेचा. आपली वही तिथून सुरू होते.

हेही लक्षात ठेवा की नाव मोठं झालं म्हणजे प्रश्न संपतो असं नाही. बाबू जगजीवनराम याच बनारसच्या हिंदू विद्यापीठात शिकले. तिथे त्यांना अस्पृश्य म्हणून अपमान सोसावा लागला. १९७८ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री म्हणून ते त्याच शहरात संपूर्णानंदांच्या पुतळ्याचं अनावरण करायला गेले, तर नंतर तो पुतळा गंगाजलाने धुतला गेला. पदाने तुमचं आडनाव झाकलं जात नाही. मग झाकायचं कशाला?

पण म्हणून तिथे जायचंच नाही का? जायचं. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूहून परतताना बाबासाहेब बनारसला गेले, विद्यार्थ्यांसमोर बोलले, सारनाथला गेले. तब्येत साथ देत नव्हती. दोन आठवड्यांत ते आपल्यातून गेले. त्यांनी ते शहर कुणा दुसऱ्याचं म्हणून सोडून दिलं नाही.

घाटांचा दगड चुनारचा. नदीच्या वरच्या अंगाला चुनारच्या खाणी आहेत. सारनाथचा अशोकस्तंभही चुनारच्याच दगडाचा. दगड तोच, घडवणाऱ्यांची नावं दोन्हीकडे नाहीत. फरक एवढाच की स्तंभावरचे सिंह आज आपल्या नोटांवरही आहेत, आणि त्यांच्याखालच्या राज्यघटनेत तुमच्यासाठी वेगळा दरवाजा नाही.

तुम्ही नोकरीला लागाल. पहिल्या दुसऱ्या वर्षी आईवडलांना घेऊन फिरायला जाल. शनिवारवाडा असो, मुंबईतल्या जुन्या इमारती असोत, काशी असो. फोटो काढा, भेळ खा, मजा करा. फक्त तीन प्रश्न सोबत न्या. पैसा कुणाचा होता? दगड कुणी वाहिला? आणि आत कुणाला येऊ देत होते? गाइड सांगणार नाही. तुम्ही पदवीधर आहात, शोधून काढा.

आणि कुणी आडनाव विचारलं, तर सांगा. मी त्या दिवशी सांगितलं नाही, आईला सांगावं लागलं. तुमच्या आईवर ती वेळ आणू नका.

जयभीम.