दहावीनंतर लेकीला कुठे घालायचं?

दहावीचा निकाल लागला की आपण पेढे वाटतो आणि एस.टी. जिथे जाते तिथल्या कॉलेजात पोरीचं अकरावीला नाव घालतो. पण दहावीनंतर एकच वाट नाही. मोठ्या वाटा तीन आहेत. आज त्या समजून घेऊ.

पहिली, अकरावी-बारावी. कला, वाणिज्य किंवा विज्ञान. डॉक्टर व्हायचं तर विज्ञान आणि त्यात जीवशास्त्र हवंच. नर्सिंगलाही बारावी लागते. पण नुसत्या बारावीवर सहसा चांगली नोकरी मिळत नाही. ही वाट धरली तर पुढच्या तीन-चार वर्षांचाही विचार आजच करायचा.

दुसरी, आयटीआय. ट्रेडप्रमाणे एक किंवा दोन वर्षं. शिवणकाम आहे, संगणक आहे, तसंच इलेक्ट्रिशियन आणि फिटरही आहे. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. काही ट्रेडना दहावी नापासही चालते. म्हणून नापास झाली की लगेच स्थळं बघायची नाहीत, बायांनो!

तिसरी, तंत्रनिकेतन, म्हणजे पॉलिटेक्निक. तीन वर्षांचा डिप्लोमा. दहावीला किमान ३५ टक्के लागतात. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय केलेल्या मुलीला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. म्हणजे आयटीआयला घातली तरी पुढचं शिक्षण संपत नाही.

आता पैशाचं. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी, की घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाख किंवा त्याहून कमी हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही माफी मिळत नाही. म्हणून "पैसे भरा, सीट देतो" म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

उत्पन्नाचा, जातीचा आणि रहिवासाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. ऐनवेळी तहसीलला रांगा लागतात आणि अर्जाची तारीख निघून जाते.

कुठल्याही वाटेबद्दल तीन प्रश्न विचारायचे. किती वर्षं? शेवटी हातात काय? आणि पुढे शिकता येईल का? गटाच्या येत्या बैठकीत ज्यांच्या घरी दहावीची मुलगी आहे त्यांनी तिलाही सोबत आणावं. आपण बोलूच, पण आधी तिचं ऐकू.