दुष्काळापूर्वीचे महिने : पूर्व आफ्रिकेतील पशुपालकांचा अनुभव

पूर आणि वादळ यांचा दिवस सांगता येतो. दुष्काळाला तशी तिथी नसते. पशुपालकांच्या बाबतीत तर सरकारी दप्तरात नोंद होण्यापूर्वी कित्येक महिने तो कळपात शिरलेला असतो. गाय आटते, मुलांच्या वाट्याचे दूध तुटते, बाजारात गुरांचे भाव उतरतात आणि त्याच बाजारात धान्याचे भाव चढतात. उत्तर केनिया आणि दक्षिण इथिओपिया येथील शुष्क प्रदेशात समाजशास्त्रज्ञांनी व पशुवैद्यकांनी केलेल्या संशोधनाचा रोख नेमका या महिन्यांवर आहे.

या भागात बोराना, गाब्रा, तुर्काना, सोमाली आदी समाज राहतात. पाऊस वर्षातून दोनदा येतो : मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. बोराना लोक दुभती जनावरे व वासरे वस्तीजवळ ठेवतात आणि उरलेला कळप तरुणांच्या हाती देऊन दूरच्या कुरणांकडे पाठवितात. खोल विहिरींवर कोणाच्या गुरांनी केव्हा पाणी प्यावे हे ठरविणारा ‘आबा हेरेगा’ असतो. ज्याचे गोधन गेले त्याला कुळातील इतरांनी जनावरे देण्याचीही रीत आहे. म्हणजे वेळीच हालचाल करणे ही या लोकांना बाहेरून शिकविण्याची गोष्ट नव्हे.

तरीही त्यांच्याविषयी एक ग्रह दीर्घकाळ टिकून राहिला. १९२६ साली मेल्व्हिल हर्सकोविट्स या मानवशास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतील गोधनकेंद्रित संस्कृतीचे वर्णन केले. त्यातून पुढे अनेक प्रशासकांनी एवढाच अर्थ घेतला, की हे लोक प्रतिष्ठेपायी गुरे साठवितात, ती मरतील पण विकणार नाहीत. वस्तुतः मोठा कळप ही पशुपालकाची ठेव असते. दुष्काळानंतर ज्याच्याकडे चार गाई उरतात तो पुन्हा उभा राहतो. ज्याच्याकडे एकच उरते तो बहुधा मजुरीच्या रांगेत जातो.

२००६ साली इथिओपियातील मोयाले येथे या ग्रहाची परीक्षा झाली. दुष्काळ वाढत असताना, जनावरे पार खंगण्यापूर्वी, खाजगी व्यापाऱ्यांना अल्प कर्ज देऊन त्यांची पशुपालकांशी गाठ घालून देण्यात आली. सुमारे २०,००० गुरे विकली गेली आणि सुमारे ५,४०० कुटुंबांच्या हाती पैसा आला. नंतरच्या पाहणीत असे दिसले, की या पैशातून लोकांनी धान्य घेतले, कर्ज फेडले आणि मोठा भाग उरलेल्या जनावरांच्या चाऱ्यावर, औषधावर व त्यांना दुसऱ्या कुरणात नेण्यावर खर्च केला. न विकण्याचे कारण हट्ट नव्हते. वेळेवर गिऱ्हाईकच येत नव्हते.

इथिओपियाच्या सोमाली प्रदेशातील दुसरा अभ्यास दुधाचा आहे. कोरड्या हंगामात वस्तीजवळ ठेवलेल्या दुभत्या जनावरांना पूरक चारा व औषधोपचार पुरविले, तेव्हा लहान मुलांचे दूध टिकले आणि त्यांचे पोषण ढासळले नाही. मुलांच्या आहाराचा प्रश्न येथे गाईच्या दावणीपाशी सुटला.

मग उशीर का होतो? सूचना मिळत नाही म्हणून खचित नव्हे. २०१० च्या ऑगस्टपासून पूर्व आफ्रिकेतील टंचाईचे इशारे येत होते. त्या वर्षअखेरचा पाऊस चुकला, पुढील मार्च-मेचाही चुकला. २० जुलै २०११ रोजी सोमालियात उपासमार अधिकृतरीत्या जाहीर झाली आणि त्यानंतर मदतीचा ओघ वाढला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या देशात सुमारे २,६०,००० माणसे मृत्यू पावली. त्यांतील निम्मी पाच वर्षांखालील बालके होती. अगोदर खर्च केला आणि पाऊस पडला, तर जाब विचारला जातो. उशिरा खर्च केला तर सहसा कोणी विचारीत नाही. कार्यालयात काम केलेल्यांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर उपाय म्हणून निर्णय आधीच बांधून ठेवण्याचे प्रयोग झाले. केनियाने चार उत्तरेकडील जिल्ह्यांत बहुतेक कुटुंबांची नोंदणी करून बँक खाती उघडली. एक लाख कुटुंबांना नियमित रक्कम मिळू लागली. उपग्रहावरून मोजलेली वनस्पतींची स्थिती ठरलेल्या पातळीखाली गेली, की आणखी कुटुंबांच्या खात्यांत पैसे जमा होऊ लागले. असे पहिले वाटप एप्रिल २०१५ मध्ये झाले. मार्साबिट येथे जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेला पशुविमाही उपग्रहाच्या मोजणीवर चालतो. त्याची पहिली भरपाई ऑक्टोबर २०११ मध्ये, म्हणजे गुरे मेल्यानंतर मिळाली. पाहणीत सधन विमाधारकांनी जनावरे कमी विकावी लागतील असे सांगितले; गरिबांनी जेवणात कमी काटछाट करावी लागेल असे सांगितले. पुढे विम्याची रचना बदलून, गुरे जिवंत असतानाच चाऱ्यासाठी पैसे देण्याचे धोरण आले.

मात्र उपग्रहाला जे हिरवे दिसते ते सर्व चारा नसते. महाराष्ट्रात वेडी बाभूळ म्हणून परिचित असलेले झाड केनियातही बेसुमार फैलावले आहे. कुरण संपले तरी ते हिरवेच राहते. म्हणून गावातील माहितगाराची साक्ष यंत्राच्या आकड्याशेजारी मांडावी लागते. शिवाय २०२० ते २०२२ या काळात लागोपाठ पाच पावसाळे चुकले आणि केनियात पंचवीस लाखांच्या आसपास जनावरे दगावली. एका हंगामाच्या बेताने आखलेली मदत तेथे अपुरी ठरली.

महाराष्ट्रात टंचाईचे पारंपरिक माप पैसेवारीचे आहे, आणि पैसेवारी पिकाची असते. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेत पाऊस व वनस्पतींचे निर्देशांक आले, तरी नोंद तालुक्याच्या हद्दीतच होते. पठारावरील मेंढपाळ धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. गावाची पैसेवारी जाहीर होते, तेव्हा कळप बहुधा दुसऱ्याच तालुक्यात असतो.